नत्थूजींची बाजू

मे महिन्यातल्या दुपारी नागपुरात कोणी कोणाच्या घरी जात नाही. कुत्रीसुद्धा नालीतून बाहेर निघत नाहीत, माणसाचं काय घेऊन बसलात. पण चेतन निखारे डोक्याला दुपट्टा गुंडाळून आणि ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा टाकून गोळीबार चौकामागच्या गल्लीत शिरला होता. सकाळपासून तिथल्या हर्षाचे फोनवर फोन येत होते. मशीन दुकानात आणून टाका, म्हणून त्यानं सांगून पाहिलं.

"घरातून नाही नेता येत, दादा. तुम्हीच या," एवढंच ती म्हणत राहिली. तो आवाज काही त्याला बरा वाटला नाही.

चेतन कॉम्प्युटर दुरुस्त करतो. हात चालतो तेवढंच तोंडही चालतं त्याचं. गप्प बसायची वेळ आली की त्याच्या पायाला चाळा लागतो.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत पूर्वी नत्थूजी पराते यांचा हातमाग होता. माग विकल्यावर त्यांनी मागात पाय सोडायचा खड्डा बुजवून वर फरशी टाकली, त्यावर टेबल मांडलं आणि म्हातारपणी कॉम्प्युटर शिकले. लुगड्याच्या काठांची नक्षी काढून ते पॉवरलूमवाल्यांना द्यायचे. मागच्या वर्षी ते वारले. आता घरात मुलगी हर्षा आणि तिची आई चंद्रकलाबाई, दोघीच.

चंद्रकलाबाई दिवाणावर मांडी घालून बसल्या होत्या. नजर समोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर.

"नमस्कार, काकू," चेतन म्हणाला. उत्तर आलं नाही. "बरं नाही काय त्यायले?"

"तुम्ही मशीन पाहा न, दादा," हर्षा म्हणाली.

पडदा काळा होता. वर इंग्रजीत एक ओळ, आणि तिच्याखाली लुकलुकणारी एक रेघ. ते पाहून चेतनचा जीव भांड्यात पडला.

"हे होय काय! मले वाटलं, डिस्कच उडाली. हे पाहा ताई, याच्यात दोन सिस्टिम आहेत. एक विंडोज, एक लिनक्स. डबा एकच, पण एका वेळी एकच जागी राहते. मशीन चालू केलं की एक छोटासा प्रोग्राम विचारते, कोणाले उठवू? त्याले बूटलोडर म्हणतात. त्याचं सामान लिनक्सच्या बाजूले राहते. ती बाजूच कोणीतरी पुसली. आता तो दारात उभा आहे, अन् कोणाले हाक मारावी हेच त्याले समजून नाही राहिलं."

"माझ्या नवऱ्यानं पुसली. साहिलनं. बाहेरगावी नोकरी त्याची, सुटीत आला होता. फोटोसाठी जागा पाहिजे होती त्याले. म्हणे, एक कप्पा रिकामाच दिसून राहिला." हर्षा पदराशी चाळा करत होती. "ती बाबांची बाजू होती."

"अन् विंडोज काकूंचं?" चेतन हसला. "भजनं ऐकतात काय?"

हर्षा हसली नाही. "हो," ती हळूच म्हणाली. "विंडोज आईचं."

तिच्या म्हणण्यात काहीतरी होतं, म्हणून चेतननं मागं वळून पाहिलं. चंद्रकलाबाईंची पापणी मिटत होती, उघडत होती. एका लयीत. त्यानं पडद्याकडे पाहिलं, परत त्यांच्याकडे पाहिलं. रेघ दिसली की डोळे उघडे. रेघ गेली की मिटलेले. चेतन दोन पावलं मागं सरकला.

"कधीपासून...?"

"परवा हे असं अडकलं, तेव्हापासून. धंतोलीत मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. सगळे रिपोर्ट चांगले आले. डॉक्टर म्हणे, धक्का बसला असंल. पाणीसुद्धा चमच्यानं सोडावं लागते घशात. आता तेही उतरून नाही राहिलं." तिनं मशीनकडे बोट केलं. "मले माझी आई पाहिजे, दादा."

पळून जावं असंच चेतनला वाटलं, खोटं कशाला सांगा. पण बाई डोळ्यांदेखत चालली होती. त्यानं मशीन बंद करून पेनड्राइव्हवरून परत चालू केलं आणि पुसलेली बाजू शोधायला लावली. मशीन बंद होताच चंद्रकलाबाई दिवाणावर कलंडल्या, हर्षानं त्यांना नीट टेकवलं. काम हळू होतं. पाय हलवत, नखं खात तो बसला आणि हर्षा त्याच्या पाठीमागून बोलत राहिली.

"तुम्ही आपल्यातलेच. विणकर गेला की काय करतात, माहीत आहे न?"

माहीत होतं. तिरडी उठायच्या आत घरातल्या एकानं त्याच्या जागेवर बसायचं आणि मागाचा धोटा, आडवं सूत नेतो तो, एकदा इकडून तिकडे फेकायचा. जागा रिकामी ठेवायची नाही, नाहीतर भलतंच कोणी येऊन बसतं, असं म्हातारे म्हणत. चेतनच्या आजोबांच्या वेळी त्याच्या आत्यानं फेकला होता.

"आमच्याकडे माग कुठं राहिला होता? बाबा याच खुर्चीत नक्षी काढता काढता गेले. मशीन चालूच होतं. मग आई इथंच बसली अन् एक बटण दाबलं. लोक म्हणाले, ठीक आहे, आता हाच माग." हर्षा थांबली. "त्याच राती आई बाबांसारखी खाकरली. पुढं समजलं आम्हाले. विंडोज लावलं की आई. लिनक्स लावलं की बाबा. बंद केलं तर जिथल्या तिथं पडते, हात थंड होतात. म्हणून बंदच नाही करत आम्ही. दिवसा आई, राती बाबा... वर्षभर असंच."

चेतन पडद्यावरचे आकडे मोजत राहिला.

पुसलेली बाजू सापडली. त्यानं ती परत जोडली, बूटलोडर नव्यानं बसवला, पेनड्राइव्ह काढून खिशात टाकला आणि मशीन परत सुरू केलं. पडद्यावर दोन नावं आली. जी बाजू बिघडली तीच आधी तपासायची, ही धंद्याची सवय. विचार करायच्या आत त्याचं बोट लिनक्सवर गेलं.

खोलीत खळीचा वास पसरला. तांदळाची आंबूस खळ, सुताला लावतात ती. या घरात कैक वर्षांत ती शिजली नव्हती. मागं कोणीतरी खाकरलं.

"किसनचा पोरगा न गा तू?"

आवाज चंद्रकलाबाईंचाच होता. पण त्या एक पाय दिवाणावर घेऊन, गुडघ्यावर तळवा चोळत, पुरुषासारख्या बसल्या होत्या.

"तुह्या बापाले धागा सांधता येत नव्हता. जाड गाठ पडे त्याची. म्हणून पळाला तो नोकरीकडे."

ही गोष्ट चेतनच्या बापानं घराबाहेर कधी सांगितली नव्हती.

"बाबा..." हर्षानं ते पाय धरले.

"रडू नको वं, हर्षे. हे हात पाय तिचे. दिवसा तिनं वापरायचे, राती मी वापरायचे. मंग या अंगानं झोपायचं कधी? मले मिटव गा, बाबू. नीट मिटव या बारीले."

"नाही," हर्षा म्हणाली. "नाही, बाबा. एकदा गेले न तुम्ही..."

त्यांनी हात पुढं केला. हातातली पितळी बांगडी घसरून थेट कोपरापर्यंत गेली. मनगटाची नुसती काडी राहिली होती. हर्षानं ती बांगडी धरली, खाली आणली, परत सोडली. मग चेतनकडे न पाहता तिनं होकारार्थी मान हलवली.

मशीन बंद होऊन चालू होईपर्यंत चंद्रकलाबाई हर्षाच्या खांद्यावर कलंडल्या. या खेपेला चेतननं विंडोज निवडलं. त्यांनी डोळे उघडले, पदर सावरला.

"पाणी दे वं." घटाघटा पाणी पिऊन त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "आले होते काय हे?"

"हो, काकू."

"काय म्हणे?"

"तुम्ही झोपा म्हणाले."

"मंग त्यायलेबी झोपू दे, बाप्पा. लय जागले." आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

चेतननं नत्थूजींची बाजू पुसली. काही म्हणजे काही ठेवलं नाही. बूटलोडर काढून विंडोजचा स्वतःचा बसवला. आता कोणी कोणाला विचारणार नव्हतं. काम चोख झालं. मागं चंद्रकलाबाई वरण-भात कालवून पोटभर जेवल्या. हर्षा नुसती त्यांच्या तोंडाकडे पाहत बसली होती, आणि मधूनच डोळे पुसत होती.

"एकदा बंद करून पाहू, ताई," चेतन म्हणाला. "आता एकटी काकूच आहे आत. बंद केलं तरी काही व्हायला नको. नाहीतर जन्मभर या डब्याले बांधून राहतीन त्या. पडल्या तर मी लगेच चालू करतो."

हर्षानं आईच्या पाठीला उशी लावली, दोन्ही हात हातात घेतले. चेतननं मशीन बंद केलं. पडदा विझला. मशीनच्या पंख्याची घरघर मंदावत मंदावत थांबली.

चंद्रकलाबाई पडल्या नाहीत. ताठ बसून होत्या.

"गरम आहेत," हर्षा कुजबुजली. "दादा, हात गरम आहेत आईचे..." आणि आईच्या मांडीवर डोकं टेकून ती हमसून हमसून रडायला लागली. इतका वेळ हलणारा चेतनचा पाय आता कुठं थांबला.

चंद्रकलाबाई हर्षाच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. मग त्यांनी विझलेल्या पडद्याकडे पाहिलं, खोलीभर नजर फिरवली आणि अगदी हळू आवाजात चेतनला विचारलं. तो आवाज चंद्रकलाबाईंचा नव्हता, नत्थूजींच्या बोलण्याची ढबही त्यात नव्हती.

"गेले काय गा... दोघंही?"

उत्तराची वाट न पाहता, हर्षाचं डोकं मांडीवरून बाजूला सारून ती उठली, दाराशी गेली आणि तिनं आतून कडी लावली.