अजून ओलाच आहे

पहिल्याच भेटीत तिने त्याचे तीन जीव घेतले. म्हणजे तो तसं म्हणाला. सिमेंटच्या ब्लॉकचा कारखाना त्याचा; कारखाना कसला, एक पत्र्याची शेड, वाळूचा ढीग आणि पाण्याचा हौद. तिने स्कूटर वळवायला मागे घेतली आणि चाक गेलं ते नेमकं नुकत्याच साच्यातून काढलेल्या ठोकळ्यांवरून.

“अहो, बघून! तीन गेले माझे!”

“सॉरी... मला वाटलं, दगडासारखे असतात.”

“होतील ना दगडासारखे. जन्मून दोन तास झालेत, जरा वेळ द्या की!”

तो चिडला होता, पण तिचा चेहरा इतका पडला की त्यालाच हसू फुटलं. हसताना त्याच्या भुवयांवरची करडी धूळ खाली सांडली. तिला ते आवडलं. का, ते विचारू नये. कोणाला काय आवडेल याला काही धरबंध नसतो.

तिला अठ्ठेचाळीस पोकळ ठोकळे हवे होते. आई गेल्यापासून तिच्या कुंड्यांना बाबाच पाणी घालायचे. तीन महिन्यांपूर्वी कुंडीपाशी वाकतानाच ते पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि वाकणं कायमचं बंद झालं. पण झाडं सोडायला म्हातारा तयार नव्हता. मग तिने ठरवलं की झाडांनाच वर आणायचं. अंगणाच्या भिंतीलगत कंबरेइतके ठोकळे रचायचे, वरच्या पोकळीत माती भरून रोपं लावायची आणि शेवटी दोन थप्प्यांवर फळी टाकून बाक करायचा.

हे सगळं महिनाभरात उरकायला हवं होतं. ती नर्स होती. विमानाने जाण्याइतक्या लांबच्या इस्पितळात तिला नोकरी मिळाली होती, तीन वर्षांच्या कराराची. शेजारच्या काकू बाबांना दोन वेळचं जेवण देणार होत्या. पण नुसत्या जेवणावर माणूस जगतो थोडाच? बाबा झाडांवर जगत होते.

“आज चारच देतो,” तो म्हणाला. “बाकीचे ओले आहेत.”

“मला तर कोरडे दिसतायत.”

“वरून दिसतात तसे. रोज पाणी मारलं की मग आतून पक्के होतात. घाई केलीत तर बाबा बाकावर बसतील आणि बाकही खाली बसेल!”

मग त्याने तिला खूण शिकवली. पक्के झालेले दोन ठोकळे एकमेकांवर हलकेच आपटले की टण्ण वाजतात. कच्चा ठोकळा नुसता थप करतो.

ती दर चार दिवसांनी यायची, स्कूटरच्या पायाशी चार ठोकळे घालून न्यायची. तो ते ठेवून द्यायचा आणि उगाच एकदा हलवून बघायचा.

“या स्कूटरवाल्या बाई! आज कोणाचा जीव घ्यायचाय?”

“मालकच समोर उभे आहेत, ठोकळ्यांवर कशाला जाऊ?”

असं म्हणून ती स्वतःच लाजायची आणि हौदातल्या पाण्याकडे बघत बसायची. ओल्या सिमेंटचा तो गार वास तिच्या ओढणीला लागून घरापर्यंत यायचा.

चौथ्या खेपेला तो चहा आणायला गेला होता. ती सहज शेडच्या मागे गेली. तिथे ठोकळ्यांची मोठी थप्पी होती. तिने वरचे दोन उचलून हलकेच आपटले... टण्ण. आणखी दोन. टण्ण. सगळेच्या सगळे पक्के होते.

तिला इतका आनंद झाला की तिने तेच दोन पुन्हा आपटून पाहिले. आणि मग पर्समधलं तिकीट आठवलं.

तो चहा घेऊन आला. “आज किती तयार आहेत?” तिने विचारलं.

“चारच,” तो जमिनीकडे बघत म्हणाला.

“बरं.”

घरी ती ठोकळे रचायची आणि बाबा काठीने एकेक वाजवून बघायचे. तिनेच शिकवलं होतं.

“हे ठोकळे फार सावकाश येतात गं.”

“ओले असतात, बाबा.”

“हं. ओले.” बाबांनी काठी टेकवली. “माझ्यासाठी थांबू नकोस. आणखी कोणासाठी थांबायचं असेल, तर मोकळेपणी सांग.”

तिने पुढचा ठोकळा उचलला. काय सांगणार? तिला थांब म्हणून कोणी म्हटलंच नव्हतं.

सहाव्या खेपेला तिने त्याला सांगून टाकलं. “येत्या शुक्रवारी विमान आहे. अजून चोवीस हवेत... होतील तयार?”

ओले आहेत म्हण, ती मनातल्या मनात विनवत होती. आणखी एकदा म्हण, मी तिकीट फाडून टाकते.

तो बराच वेळ हातातली थापी पुसत राहिला. “बघतो,” एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो दारात उभा राहिला. त्यात सगळे ठोकळे होते. त्याने दोन उचलले, तिच्यासमोर आपटले. टण्ण. तो आवाज तिच्या काळजात गेला.

दिवसभर दोघं अंगणात राबले. तो दोरी लावून ठोकळे बसवत होता, ती माती भरत होती.

“कधीपासून तयार होते?”

“...पहिल्या दिवसापासून.”

“मला माहीत होतं.”

“कधीपासून?”

“चौथ्या खेपेपासून.”

दोघांनाही हसू आलं, आणि हसता हसताच ती रडायला लागली. “मग आणखी एकदा खोटं बोलायला काय झालं होतं तुम्हाला?”

“थांबला असतात तुम्ही.” तो उगाच दोरी पुन्हा ताणत होता. “मग कधीतरी एखाद्या दुपारी तुमच्या मनात आलं असतं, गेले असते तर बरं झालं असतं. ते मला बघवलं नसतं हो.”

बाकाच्या टोकाला एका ठोकळ्याची जागा उरली होती. टेम्पोतून त्याने ओल्या पोत्यात गुंडाळलेला एक ठोकळा तान्ह्या मुलासारखा दोन्ही हातांवर आणला. बोटाने वाजवला. थप.

“हा कालचाच आहे. याला रोज पाणी मारावं लागेल. मी येत जाईन संध्याकाळी.”

“किती दिवस?”

“तू येईस्तोवर.”

इतक्या दिवसांत तो तिला पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाला. तिने त्या ओल्या ठोकळ्यावर हात ठेवला, त्याने तिच्या हातावर. बाबा काठी टेकत आत निघून गेले.

शुक्रवारी ती गेली.

सात महिने झाले. दर रविवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती इस्पितळाच्या जिन्यात उभी राहून बाबांना फोन करते. त्याच्याशीही बोलते, पण त्याला फोनवर दोन वाक्यं जड जातात. कशी आहेस? बरी आहे. झालं. खरी बातमी बाबांकडूनच कळते.

“पुदिना मायंदाळ आलाय. गुलाबाला चार कळ्या आहेत. तो येतो गं रोज. ठोकळ्याला पाणी मारतो, मग माझ्याशी पत्ते कुटत बसतो. लबाडी करतो मेला.” बाबांनी आवाज खाली आणला. “काल मी तो ठोकळा काठीने वाजवून पाहिला.”

“मग?”

“टण्ण वाजला. कधीचाच पक्का झालाय.”

तिने कठडा घट्ट धरला. अजून दोन वर्षं पाच महिने होते.

“त्याला... सांगितलंत?”

“छे! काल विचारत होता, झाला असेल का हो? म्हटलं, कुठला होतोय... अजून ओलाच आहे.”

वॉर्डाची घंटा वाजत होती, युनिफॉर्मच्या बाहीने ती पुन्हा पुन्हा डोळे पुसत होती.

“बरं केलंत, बाबा,” ती म्हणाली. “नका सांगू.”