अप्पांच्या गुडघ्यातली नदी

धातूचा गुडघा सुजतो कसा, हे शाल्मलीला कळेना. अप्पांच्या, म्हणजे तिच्या आजोबांच्या उजव्या गुडघ्यात वर्षापूर्वी धातू आणि प्लॅस्टिकचा नवा सांधा बसवला होता. मंगळवारी दुपारी तो दोन तासांत नारळाएवढा झाला. ही तिसरी वेळ. याआधी दोनदा सूज आपोआप उतरली होती आणि श्रेय चोळलेल्या तेलाला मिळालं होतं.

घरातला यंत्रमानव दगडू याला ‘मोठ्यांचं ऐकायचं’ एवढं पक्कं शिकवलेलं होतं. भेटायला आलेल्या नऊ मोठ्यांनी अकरा उपाय सांगितले. दगडूने त्यांतले गरम शेक आणि तेलाने चोळणं हे दोन ताबडतोब अमलात आणले. नारळाचं कलिंगड झालं. उरलेले नऊ उपाय त्याने रांगेत लावून ठेवले होते, तेवढ्यात अप्पांना मिरजेच्या दवाखान्यात हलवलं.

सांध्यात जंतू शिरले असतील तर नवा गुडघा काढावा लागेल, असं आई फोनवर म्हणाली होती. ते ऐकल्यापासून शाल्मलीने अप्पांची करंगळी सोडली नव्हती.

डॉक्टर रुक्साना मुजावर यांनी आधी शेक बंद केला. उष्णतेने रक्तवाहिन्या फुगतात, म्हणून बर्फ लावला, पाय उशीवर ठेवला. मग सुईने सांध्यातला द्रव काढला. तो लालभडक होता. तपासणीत त्यात जंतू निघाले नाहीत. रक्त गोठतंही नीट होतं, आणि ते पातळ करणारी गोळी अप्पा घेत नव्हते.

“हा हिमार्थ्रोसिस (सांध्याच्या पोकळीत रक्त साठणं),” डॉक्टर म्हणाल्या.

“पण धातूला रक्त कुठून येईल?”

“धातूला नाही गं. भोवतीचं अस्तर अजून तुझ्या आजोबांचंच आहे.”

त्या अस्तराला म्हणतात सायनोव्हियम (सांध्याला वंगण पुरवणारा नाजूक पडदा). त्याची एखादी घडी नव्या सांध्याच्या फटीत, दारात बोट सापडावं तशी, चिमटते. तिथे नाजूक रक्तवाहिन्यांची दाटी होते आणि त्या पुन्हापुन्हा फुटतात.

दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी (रंगद्रव्य सोडून रक्तवाहिन्यांचं चित्र घेणं) झाली. शाल्मली काचेपलीकडे बसली. अंधाऱ्या खोलीत अप्पांच्या पायाचं चित्र हवेत उमललं आणि तिला वाटलं, आपण ढगावर पालथं झोपून खाली बघतोय. एक मोठी नदी, तिच्या उपनद्या, ओढे. आणि गुडघ्यापाशी एक धूसर, लालसर झुडूप, पाण्यात हलल्यासारखं.

अप्पा जागे होते. चाळीस वर्षं नद्या अभ्यासलेला आणि शिकवलेला माणूस; डॉक्टर मुजावरही शाळेत त्यांच्याच विद्यार्थिनी.

“रुक्साना, तो डावीकडचा ओढा बघ,” ते निजल्या निजल्या म्हणाले. “एवढं पाणी त्याला कशाला लागतंय?”

“तोच, सर. आता हलू नका, तुम्ही पेशंट आहात.”

केसासारख्या नळीतून वाळूहून बारीक मणी निघाले. याला एम्बोलायझेशन (नको तो रक्तप्रवाह आतून अडवणं) म्हणतात. मणी तरंगत गेले, झुडपात अडकले. झुडूप फिकट झालं, मग नाहीसं झालं. मोठी नदी वाहतच राहिली. शाल्मलीने तेव्हा कुठे श्वास सोडला.

गुडघा काढावा लागला नाही. आठवड्याने अप्पा काठी घेऊन घरच्या व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले आणि परतही आले.

“ओढा फुटायच्या आधीच कळलं तर?” शाल्मलीने विचारलं.

“तसं यंत्र अजून कुणी केलेलं नाही,” अप्पांना बघायला घरी आलेल्या डॉक्टर म्हणाल्या.

शाल्मलीने अप्पांच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि दगडूकडे कोरा कागद मागितला. ती वयाने मोठी नव्हती, तरी त्याने तो आणून दिला.