भोपळ्याची फितुरी

इचलकरंजीच्या नवरंग वाचनालयात दर सोमवारी एखादा गेलेला लेखक नवं पुस्तक घेऊन यायचा. त्याचं आता कुणाला काही वाटत नव्हतं. लोक भाजीची पिशवी टेबलावर टेकवायचे आणि विचारायचे, "ह्या आठवड्यात कोण उठलंय?"

उठवायचं काम चित्रमेंदू नावाच्या यंत्राचं. मेलेल्या माणसाचं झाडून सगळं काम त्याला वाचायला द्यायचं. त्याचा हात, त्याच्या लकबी, त्याच्या कल्पना शिकून यंत्र पुढचं काढायचं. फक्त वारसदार परवानगी एकदाच देत. बरं निघालं तर बरं, नाहीतर तेच कायमचं.

आज 'तुफान आणि भोपळ्या'ची पाळी होती. तुफान हा गलबताचा तांडेल, भोपळ्या त्याचा ढेरपोट्या आचारी. सत्तेचाळीस चित्रकथा. प्रत्येकीत एक जण संकटात सापडतो, दुसरा सुटलेला असतो, आणि सुटलेला मागं वळतो. बस्स. पण तेवढ्यासाठी तीन पिढ्यांनी शाळा बुडवली होती. सत्तेचाळिसाव्या अंकात तुफान बुडत्या गलबतात साखळदंडानं जखडलेला, किल्ली घेतलेला भोपळ्या लांब होडीत. 'क्रमशः' लिहून चित्रकार वारला.

वाचनालयाचा मालक मल्लिनाथ चौगुले पंचेचाळीस वर्षं पुढच्या अंकाची वाट बघत होता. प्रकाशकाकडच्या प्रती वाळवीनं खाल्ल्या, म्हणून यंत्राला वाचायला मल्लूचाच संच दिला होता. म्हणजे मल्लू आणि गजा तोडकर या दोघांचा. लहानपणी ते दोघांत एक अंक घ्यायचे. गजा पळायला तेज, त्यामुळं तो आधी वाचायचा.

यंत्राची लेखणी सरसर चालली होती. बाराव्या पानावर भोपळ्यानं होडी चाच्यांच्या जहाजाकडं वळवली. चौदाव्या पानावर तो हसला.

"हा हसतोय कशाला?" मल्लू म्हणाला.

यंत्र चालवणाऱ्या रेहाना मुजावरनं पडद्यावर बघितलं. "फितूर झालाय, काका. यंत्र म्हणतंय, चित्रकारानं पहिल्या अंकापासून तसं सुचवलंय. सत्तेचाळीस ठिकाणी."

मल्लूचा चेहरा साफ उतरला. तो स्टुलावर बसला. "म्हणजे ते खरंच होतं," एवढंच पुटपुटला.

शेजारी चहा पीत बसलेल्या गजानं कप खाली ठेवला. त्यानं आयुष्यात एकही खोडी कबूल केली नव्हती. हेडमास्तरांच्या खुर्चीला गूळ फासला, तेव्हाही तो सगळं मुंग्यांवर ढकलून मोकळा झाला होता. पण मल्लूचं तोंड त्याला बघवेना.

"थांबव ते!" गजा ओरडला. "ती पेन्सिल माझी हाय."

"कुठली पेन्सिल?"

"प्रत्येक अंकाच्या शेवटी लिवलंय न्हवं? 'भोपळ्यावर विसंबू नका. पुढच्या अंकात दगा.' ते मी लिवायचो. मल्ल्या घाबरायचा म्हणून."

रेहानानं कपाळाला हात लावला. यंत्राला छापील शाई आणि पेन्सिल सारखीच.

"लेका, मला ताप यायचा!" मल्लू उठला. "मला वाटायचं, छापखान्यातलं कुणीतरी आतली बातमी देतंय. तुझं अक्षर मला कसं ओळखू आलं न्हाई?"

"डाव्या हातानं लिवायचो."

"हलकटा!" मल्लूनं त्याच्या पाठीत गुद्दा घातला आणि पुढच्याच क्षणाला त्याला हसू फुटलं.

"काका, भांडण नंतर," रेहाना म्हणाली. "सोळावं पान संपलं की बदल बंद. पेन्सिल वगळू? पण पेन्सिलीत दोन वेगवेगळ्या माणसांची अक्षरं आहेत."

तिनं एक पान मोठं केलं. गजाच्या वाकड्या ओळीखाली बारीक, दाबून लिहिलं होतं: 'न्हाई. त्यो येणारच.' सत्तेचाळीसही अंकांत. मल्लूचे कान लाल झाले. गजानं हे कधी बघितलंच नव्हतं. एकदा वाचलेला अंक तो परत कशाला उघडतोय?

"सगळंच पुसलं तर?" मल्लूनं विचारलं.

रेहानानं कच्चं चित्र काढून दाखवलं. भोपळ्या चार चौकटींत परतला, कुलूप उघडलं, दोघं लाडू खात बसले.

"लईच गुळगुळीत," मल्लूनं नाक मुरडलं. "ह्याच्यासाठी मी ताप काढला व्हय? दोन्ही अक्षरं ठेव, पोरी."

"मग तो काय करेल ते मला सांगता येणार नाही. पुसायचंही राहणार नाही."

"कळलं. चालव."

लेखणी सोळाव्या पानावर टेकली. गलबतातलं पाणी तुफानच्या गळ्यापर्यंत आलं. भोपळ्यानं वल्ही उचलून धरली. होडी कुठल्या बाजूला वळणार, ते अजून कागदावर उतरलं नव्हतं. पुढचं सगळ्यात आधी माहीत असायची सवय असलेल्या गजानं मल्लूची बाही घट्ट धरली.

"मल्ल्या, वळंल का रं त्यो?"