दोन किलोचं माप

पहिल्याच भेटीत तो मला चारचौघांत रागावला, आणि तेही आई समजून. मांडीवरचं बाळ माझं नव्हतं. मी पाळणाघराची ताई. बाळाची आई कारखान्यात कामावर, आणि दवाखाना बाराला बंद. मग आणणार कोण?

“आठ महिन्यांची झाली आणि लशी अर्ध्या राहिल्यात? आई आहात की कोण?” डॉक्टर म्हणाला.

“कोणीच नाही,” मी म्हटलं. “आईने यावं असं वाटत असेल, तर संध्याकाळी उघडा की दवाखाना.”

त्याचे कान लाल झाले. पुढच्या बुधवारी संध्याकाळी सहाला, आया मुलांना न्यायला येतात त्या वेळी, हा गडी लशींचा डबा घेऊन पाळणाघराच्या दारात हजर.

मग दर बुधवारी तो येऊ लागला. तो टोचायचा, मी रडणाऱ्यांना खांद्यावर घ्यायचे... आणि मधूनच नजरानजर व्हायची. भांडणही झालं, वजनावरून. माझा काटा त्याच्या दवाखान्यातल्या काट्यापेक्षा दोनशे ग्रॅम कमी दाखवायचा. काटा बदला, असं त्याने ऐटीत सुनावलं. मी समोरच्या दुकानातून दोन किलोचं लोखंडी माप मागून आणलं आणि काट्यावर ठेवलं. माझा काटा बरोबर निघाला. तेच माप तो दवाखान्यात घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी तोंड पाडून परत आला: त्याचाच काटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवत होता. तिथे ठणठणीत म्हणून घरी पाठवलेली सहा मुलं त्याने माझ्याबरोबर दारोदार हिंडून पुन्हा तपासली. चूक कबूल करताना तो एकदाही अडखळला नाही. त्या पायपिटीतच मी गुंतले.

एका बुधवारी मुलं गेल्यावर तो मुलांच्या इवल्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिला.

“आजपासून तुम्हाला ताई म्हणणार नाही,” तो म्हणाला. “लग्न कराल माझ्याशी?”

मन केव्हाच हो म्हणून बसलं होतं. पण सवय वाईट. बाळाच्या एका वजनावरून आम्ही काही ठरवत नाही. महिन्याने पुन्हा बघतो, मगच बोलतो.

“महिनाभराने सांगते —” मी म्हटलं.

चौथ्या बुधवारी मी ठेवणीतले कपडे घालून वाट बघत होते. तो आला पत्र घेऊन. लांबच्या एका वस्तीत असेच बुधवार सुरू करायला त्याला बोलावलं होतं. तिथे तीनशे मुलं, डॉक्टर एकही नाही. त्याने होकार कळवून टाकला होता.

“तुम्ही थांबा म्हणालात... मी नकारच समजलो,” तो म्हणाला. “वजन महिन्याने बघतात हो. माणसाला इतकं थांबवतात का?”

आता हो म्हटलं तर हा जाणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं. आणि माझी चाळीस मुलं टाकून मला जाववणार नव्हतं.

“जा,” मी म्हटलं. “डब्यात बर्फ जास्त घ्या, वाट लांब आहे.”

पत्र खिशात घालून तो गेला.

बुधवारी आता दुसऱ्या डॉक्टर बाई येतात. तेव्हाची ती मांडीवरची पोर आता अंगणभर पळते. माप दुकानात परत करायचं राहूनच गेलं. दर बुधवारी मी ते काट्यावर ठेवून बघते. काटा पहिल्याच खेपेला बरोबर दोनवर थांबतो. मीही पहिल्याच खेपेला बोलायला हवं होतं.