शंभर पौंड बर्फ

टप्... टप्... माझ्या कागदावर पाणी! आभाळ निरभ्र, न्यूयॉर्कमधलं जुलैचं ऊन रणरणतंय, मी इटालियन वस्तीतल्या आमच्या सलिव्हन स्ट्रीटवरच्या घराच्या पायरीवर कोळशानं चित्र काढत बसलेय आणि पाणी कुठून? मान वर केली. खांद्यावर बर्फाची लादी घेतलेला एक उंचापुरा तरुण वाकून माझं चित्र बघत होता.

"अहो बर्फवाले! डोळे फुटलेत का?"

"फुटले असते तर तुमच्याकडे बघत कसा थांबलो असतो?" मग गडबडून म्हणाला, "म्हणजे... चित्राकडे."

तो नुंझिओ. मामाच्या बर्फगाडीवर नुकताच आमच्या गल्लीत आलेला. आणि मी ओर्सोला, गल्लीच रंगवणारी खुळी पोर. मला तळी नकोत, फुलं नकोत. हातगाड्या, वाळत घातलेले कपडे, दारातली भांडणं हवीत. "खिडकीतून फुकट दिसतं ते रंगवायचं कशाला?" असं माझी फिलोमेना मावशी रोज विचारायची.

"कागद भिजवलात ना? आता दंड म्हणून असेच उभे राहा," मी म्हटलं.

तो उभा राहिला. दुसऱ्या दिवशीही राहिला... आणि मग रोजच. खांद्यावरून पाणी निथळत असायचं आणि तोंड चालूच.

"नाक जरा लहान काढा की."

"आहे तेवढंच काढणार."

"मग कागद पुरेल का?"

मी खो खो हसले. तेवढ्यात चौथ्या मजल्यावरून इप्पोलिता काकू कडाडल्या, "ओर्सोला! पन्नास पौंड बर्फ सांगितला होता, पोचतोय निम्मा! चित्र तुझं होतंय आणि मासे माझे नासतायत!" सगळी गल्ली फिदीफिदी हसली. मी लाजेनं लाल झाले, पण कोळसा काही खाली ठेवला नाही.

शनिवारी तो मोकळ्या खांद्यानं आला. हातात टोपी, तोंडावर हसू नाही.

"बायकांनी मामाचे कान किटवलेत," तो म्हणाला. "मामा म्हणतो, पोरीशी लग्न ठरलं असेल तर सांग, बायका सगळं पोटात घालतील. पण नुसता चित्रापायी बर्फ वितळवत असशील, तर सोमवारपासून पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, ब्रॉन्क्सला जा." टोपी हातातल्या हातात फिरली. "चित्र... किती राहिलंय?"

मी चित्र पटकन पाठीमागे लपवलं.

"खिडकीत बर्फाचं कार्ड लावताच ना," तो हळूच म्हणाला. "नेहमीसारखे पंचवीस दिसले, तर बर्फ ठेवून निघून जाईन. शंभर दिसले... तर नाही जाणार."

कार्डाच्या चार कडांवर चार आकडे असतात, किती पौंड बर्फ हवा त्याचे. हवा तो वर करून लावायचा, बर्फवाला रस्त्यावरून बघतो. एवढंसं काम! पण रविवारभर चर्चमध्ये माझं एका प्रार्थनेकडे लक्ष असेल तर शपथ.

सोमवारी सकाळी मावशीनं कार्ड उचललं. मी ते तिच्या हातातून घेतलं आणि शंभर वर करून खिडकीत लावलं.

"अगं, बर्फाच्या पेटीत पंचवीसच मावतो! बाकीचा काय माझ्या डोक्यावर ठेवणार?" मावशी ओरडली. मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं स्वयंपाकघरातल्या टबातले कपडे बाहेर काढायला लागली.

पाच जिने चढून तो आला. छाती भात्यासारखी हलत होती, डोळे मात्र हसत होते. लादी टबात धाडकन ठेवली. मी चित्र त्याच्यापुढे धरलं. सगळी गल्ली पुरी झाली होती, फक्त त्याच्या चेहऱ्याच्या जागी पुसट डाग.

"अजून जमला नाही?"

"पहिल्याच दिवशी जमला होता. रोज संध्याकाळी पावाच्या तुकड्यानं पुसत होते... नाहीतर दुसऱ्या दिवशी तू कशाला थांबला असतास?"

"तरीच म्हटलं घरातला पाव जातो कुठे!" मावशी म्हणाली.

नुंझिओ हसायला लागला. "आणि मी वेडा रोज सगळ्यात मोठी लादी उचलायचो... उशिरा वितळावी म्हणून!" त्यानं माझा कोळशानं काळा झालेला हात आपल्या गारठलेल्या हातात घेतला. इतकं गार आणि इतकं छान मला कधीच वाटलं नव्हतं.

खालून इप्पोलिता काकूंची हाक आली, "अगं, बर्फवाला वर अडकलाय की काय?"

मावशीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अडकलाय! कायमचा!"

मग काकूंचा आवाज आला, एकदम मऊ...

"मग राहू दे गं. आज निम्मा पोचला तरी चालेल!"