भुसावळहून आलेली धूळ

लोक घरातला केर बाहेर टाकतात, डॉ. इरावती पाचपांडे तो टपालाने मागवून घ्यायची. पुण्यातल्या धूलिविज्ञान प्रयोगशाळेच्या दाराशी रोज सकाळी डब्यांचा ढीग पडे आणि टपालवाला नाकाला रुमाल लावून सही घेई. "बाई, एवढं शिकून शेवटी केरच का हो?" असं त्याने एकदा विचारलंही होतं. इरावतीला राग आला नाही. "यातला चिमूटभर केर आकाशातून आलेला असतो, तो शोधतेय," ती म्हणाली. टपालवाल्याने आदराने मान हलवली आणि रुमाल आणखी घट्ट धरला.

तिचं म्हणणं खरं होतं. पृथ्वीवर आकाशातून बारीक धूळ अखंड पडत असते. कुणी धूमकेतू ती मागे सोडून जातो, कुठे दोन लघुग्रह एकमेकांवर आदळतात. वातावरणात शिरताना ही धूळ वितळते आणि थेंबासारखी गोल होऊन खाली येते. इरावतीने तिला नाव दिलं होतं व्योमकण. मोहरीपुढे ठेवला तर दिसणारही नाही एवढा एकेक कण, पण वयाने तो पृथ्वीएवढा जुना असतो. तो गच्चीवर पडतो, चपलेला चिकटून घरात येतो, आणि आपण त्याला खुशाल सुपलीत भरतो.

त्या मंगळवारी भुसावळच्या एका घरातल्या स्वयंझाडूची, म्हणजे घरभर आपोआप फिरून केर ओढणाऱ्या यंत्राची, कुप्पी आली. इरावतीचे सहकारी डॉ. अन्वर तांबोळी यांनी त्यातली धूळ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि ते डोळे चोळून पुन्हा वाकले.

"काय झालं?"

"तूच बघ. मला चष्मा बदलायला हवा बहुतेक."

इरावतीने डोळा लावला. काळेभोर, तुकतुकीत गोळे, एकाशेजारी एक. वर्षभराच्या धुळीत असे चार-दोन कण सापडले तरी ती अन्वरना चहा पाजायची. इथे मोजता मोजता तिची नजर हरली.

"भुसावळ आहे," अन्वर म्हणाले. "रेल्वेचं लोखंड असणार. ब्रेक घासले की असे कण उडतात."

"मग निकेल तपासा."

दुपारी उत्तर आलं. रेल्वेच्या लोखंडात नसतं तेवढं निकेल त्या कणांत होतं. इरावतीच्या अंगावर सरसरून काटा आला. एका साध्या घराच्या फरशीवर एवढं आकाश सांडलं होतं, आणि घरातल्यांना त्याचा पत्ताही नसावा!

अन्वरनी मात्र छताकडे बोट दाखवलं. एवढे कण एका वर्षात पडले असतील, तर पृथ्वी एखाद्या दाट धूलिओघातून जात असली पाहिजे. खाली आपल्याला वातावरणाचं पांघरूण आहे. वर अंतराळस्थानकाला ते नाही. तिथे असा एकेक कण बंदुकीच्या गोळीच्या कितीतरी पट वेगाने आदळतो. आणि त्या स्थानकात चार माणसं होती. त्यातली एक इरावतीची धाकटी बहीण, चारुता.

चारुता संध्याकाळी पडद्यावर दिसली, केस चारी दिशांना तरंगत. तिच्यामागे काचेच्या पेटीत ज्वारीची हिरवीगार ताटं उभी होती. अंतराळात कणसं धरलेली ही पहिली ज्वारी, आणि तिच्यावर चारुताने सहा वर्षं घालवली होती.

"म्हणजे एका घरातल्या केरावरून मला खाली बोलावणार?" ती हसली. "ताई, ते यंत्र तरी धड आहे का? आपल्या मावशीकडचं नुसतं धूळ उडवायचं. तू पिशवीवाले स्वयंझाडू का नाही वापरत?"

"पिशवीत कण कापडाच्या धाग्यांत रुतून बसतात, मग सुटत नाहीत. बिनपिशवीच्या स्वयंझाडूत हवा भोवऱ्यासारखी फिरते. जड कण कडेला फेकले जातात आणि कुप्पीत खाली बसतात."

"पण कुप्पी रिकामी करताना सगळं नाकातोंडात जातं."

"हलकं तेवढंच जातं. जड खाली राहतं. झाकणाच्या कडीला चुंबक असतं, व्योमकण त्याला धरून बसतात. ज्याला लोक दोष म्हणतात ना, ती माझी उफणणी आहे."

चारुताचं हसू मावळलं. "दाणा आत्ता कुठे भरतोय गं. निदान खात्री कर."

इरावती दुसऱ्याच दिवशी भुसावळला गेली. घर लीलाधर भंगाळे यांचं. रेल्वेतून निवृत्त झालेला हा माणूस दारातच हात जोडून उभा होता. स्वयंझाडू त्यांनीच हौसेने आणला होता आणि त्याचं कौतुक त्यांच्या पोटात मावत नव्हतं.

"घराचा नकाशा स्वतः काढतो, मॅडम. पलंगाखाली जातो. थकला की आपणहून जाऊन चार्जिंगला बसतो. आणि पिशव्या विकत आणायची कटकट नाही."

"कटकट माझ्या कपाळी आहे ना!" आतून त्यांच्या पत्नी इंदुकाकू आल्या. "याची कुप्पी झटका, जाळी धुवा, वाळवा, याच्या मिशांत अडकलेले केस काढा. झाडू बिचारा कोपऱ्यात गप उभा राहायचा. हे कासव रोज सेवा करून घेतं."

बोलता बोलता कासव दिवाणखान्यात आलं. फरशीवर मधोमध एक जाडजूड गोधडी पसरलेली होती. कासव तिच्या काठाशी थबकलं, हळूच वर चढलं आणि एकदम मोठ्याने घरघरू लागलं.

"बघा! याला वाटतं तो गालिचा आहे," काकू वैतागून म्हणाल्या. "गालिचा दिसला की दुप्पट जोराने ओढतं. माझ्या गोधडीचा पार जीव घेतलाय."

इरावती खाली बसली. तिने गोधडीच्या उसवलेल्या कडेला बोटं लावली. आत साड्यांचे थरच्या थर, आणि प्रत्येक थर खळ दिल्यासारखा कडक.

"काकू, या साड्या कुठल्या?"

"बिबड्यांच्या. उन्हाळ्यात गच्चीवर एक जुनी साडी अंथरायची, तिच्यावर ज्वारीचा शिजवलेला घाटा पापडासारखा थापून बिबड्या वाळवायच्या. हंगाम संपला की ती साडी गोधडीला चढवायची. सासूबाईंची रीत. दर उन्हाळ्याला एक थर."

इरावती शेजारच्याच यावलची. लहानपणी ती आणि चारुता हातात काठी घेऊन अशाच साडीची राखण करायच्या, आणि कावळ्यांपेक्षा जास्त ओल्या बिबड्या स्वतःच खायच्या. आता सगळा उलगडा झाला. उन्हाळाभर उघड्या आकाशाखाली पसरलेलं कापड, त्यावर चिकट ज्वारी. वरून पडलेला कण तिथेच डिंकात बसावा तसा बसणार. कुप्पीतली धूळ एका वर्षाची नव्हतीच. कासवाने कित्येक उन्हाळ्यांचं आकाश एकदम ओढून काढलं होतं, आणि हे कुटुंब इतकी वर्षं ते आकाश पांघरून झोपत होतं.

तिला हसू आलं, सुटल्यासारखंही वाटलं. म्हणजे धूलिओघ नाही! पण लगेच दुसरा विचार आला. दर उन्हाळ्याला एक थर असेल, तर कुठल्या वर्षी आकाशातून किती पडलं याची अशी वर्षावार नोंद जगात दुसरीकडे कुठेच नव्हती.

"काकू, ही गोधडी मला उसवू द्याल?"

काकूंचा चेहरा उतरला. "सासूबाईंच्या हातचे टाके आहेत त्यात."

"माझी बहीण वर अंतराळस्थानकात आहे, तिच्यावर असे कण कधी दाट पडतील ते यातून कळेल. तिच्यासाठी हवंय."

काकू थोडा वेळ गोधडीवरून हात फिरवत राहिल्या. मग त्यांनी स्वतःच घडी घातली. "ने माय. पण होती तशी परत आण."

प्रयोगशाळेत एकेक साडी सुटी झाली. अन्वर पाण्याचा हबका मारून तीवरून चुंबक फिरवत आणि इरावती कण मोजत असे. बहुतेक साड्यांत थोडेथोडेच कण होते. वरून दहावी साडी, मोरपंखी काठांची, कणांनी भरलेली निघाली. त्यानंतर पुन्हा तुरळक. मग बाविसावी, पुन्हा भरगच्च.

"बारा," अन्वर म्हणाले. त्यांचा आवाज देवळात बोलल्यासारखा खाली आला होता. "दर बारा वर्षांनी पृथ्वी एका दाट पुंजक्यातून जाते, इरावती. बिबड्यांच्या दिवसांत, म्हणजे एप्रिलच्या आसपास. एवढ्या वेधशाळा आहेत आणि हे कुणालाच ठाऊक नव्हतं."

पुढचा हिशेब सोपा होता. सगळ्यात वरची साडी गेल्या उन्हाळ्याची. दहावी म्हणजे दहा वर्षांपूर्वीची. बारा वर्षांचा फेरा, म्हणजे पुढचा पुंजका दोन वर्षांनी. चारुता तर दिवाळीलाच खाली येणार होती. मोहिमेच्या प्रमुखांनी अभिनंदन केलं. चारुताने पडद्यावर ज्वारीचं कणीस हलवून दाखवलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात इरावती गोधडी परत द्यायला भुसावळला गेली. जुन्या भोकांतूनच दोरा ओवून प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी ती पुन्हा शिवली होती. अन्वरचे टाके तर डॉक्टरपेक्षा शिंप्याला शोभतील असे होते. काकूंनी प्रत्येक टाका निरखला आणि समाधानाने गोधडी छातीशी धरली.

"काकू, आता बक्षीस द्या," इरावती पाटावर ऐसपैस बसत म्हणाली. "बिबड्यांचा गरम घाटा, वर कच्चं तेल. त्या आशेवर सकाळपासून उपाशी आहे मी."

"यंदा नाही गं," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "थोरल्या जाऊबाई गेल्या ना हिवाळ्यात. वर्ष पाळतोय. बिबड्या, पापड, काही करायचं नाही."

"अरेरे," असं इरावती म्हणाली. तिला यावलचं घर आठवलं. बाबा गेले त्या उन्हाळ्यात गच्ची रिकामीच होती. दोघी बहिणी काठी घेऊन वर गेल्या होत्या, आणि आई म्हणाली होती, यंदा राखायला काही नाही. हे तिला ठाऊक होतं. जन्मापासून ठाऊक होतं, आणि पुण्यात बसून मोजताना ते तिच्या डोक्यातही आलं नाही.

"काकू," ती पाटावरून उठली. "ज्या वर्षी घरात कुणी जातं, त्या वर्षी गोधडीला साडी चढत नाही?"

"बिबड्याच नाहीत तर साडी कुठली चढणार?"

"मोरपंखी काठांची साडी. तिच्यानंतर गेल्या उन्हाळ्यापर्यंत घरातलं कोण कोण गेलं?"

काकूंनी लीलाधरकाकांकडे पाहिलं. "आधी सासूबाई. मग चार-पाच वर्षांनी मामंजी."

"दोघं. आणि त्या साडीच्या आधीची दहा-बारा वर्षं?"

"त्याआधी?" काकूंचे डोळे भरून आले. "त्याआधी सगळे होते गं. घर नुसतं भरलेलं होतं."

दहा साड्या आणि दोन रिकामे उन्हाळे. मोरपंखी साडी दहा नव्हे, बारा वर्षांपूर्वीची होती. पुंजका दोन वर्षांनी नाही, याच महिन्यात येणार होता.

इरावती तिथूनच प्रमुखांशी बोलली. ते आधी चिडले. "डॉक्टर, परवा तुम्हीच दोन वर्षं म्हणालात. आज एका घरातलं सुतक ऐकून मी स्थानक रिकामं करू?"

"माझी चूक झाली. मी साड्या मोजल्या, माणसं मोजली नाहीत. बारा वर्षांपूर्वीचा एप्रिल काढून बघा सर. तेव्हा वरचं काही बिघडलं होतं का?"

प्रमुखांनी फोन चालू ठेवूनच जुन्या नोंदी काढायला लावल्या. मग उत्तर आलं. त्या महिनाअखेरीस तीन उपग्रह पाठोपाठ मुके झाले होते, आणि कारण कधीच सापडलं नव्हतं.

चारुताला खाली येण्याचा निरोप तिने स्वतः फोनच्या पडद्यावरून दिला. चारुता पेटीपाशी गेली, ताटांवरून हात फिरवत राहिली. "अजून महिना मिळाला असता तर," एवढंच म्हणाली. मग तिने एक कणीस खुडलं.

फोन ठेवून इरावती वर गेली, तर काकू गच्चीवर होत्या. भर उन्हात त्यांनी एक जुनी पिवळी साडी पसरली होती आणि तिच्या चारी कोपऱ्यांवर विटा ठेवत होत्या. काका शेजारून मागून आणलेला ज्वारीचा घाटा ब्रशने साडीला लावत होते.

"अहो काकू, वर्ष पाळताय ना?"

"बिबड्या घालायच्या नाहीत. साडी अंथरायला कुणी मना केलंय?" काकू घाम पुसत म्हणाल्या. "तुझ्या मोजणीत पुन्हा खाडा नको पडायला."

चौघंही अंतराळवीर सुखरूप उतरले. आठ दिवसांनी पुंजका आला. खालून काहीच दिसलं नाही, आकाश नेहमीसारखं निळं होतं. रिकाम्या स्थानकातल्या कॅमेऱ्यांनी मात्र सगळं पाठवलं. भिंतींतून सुईच्या टोकाएवढी भोकं पडत गेली, हवा निसटत गेली, पेटीतली ज्वारी पांढरी पडली. चारुताच्या झोपण्याच्या पिशवीला छातीच्या जागी तीन भोकं होती. ते चित्र इरावतीने एकदाच पाहिलं. त्यानंतर ती बाहेर जाऊन जिन्यावर बसून राहिली.

मे महिन्यात दोघी बहिणी भुसावळला गेल्या. चारुताचे पाय अजून जमिनीला सरावले नव्हते. जिना चढताना तिने ताईचा खांदा धरला. पिवळी साडी अजून गच्चीवर होती. अन्वरनी दिलेलं भिंग इरावतीने तिच्या हातात ठेवलं. चारुता साडीवर वाकली. जे कण तिच्या जिवावर आले होते, ते आता पिवळ्या सुतात निमूट चिकटून बसले होते, मोजता येणार नाहीत इतके.

"ताई, केवढे आहेत गं," ती म्हणाली आणि रडू लागली.

काकूंनी तिला पोटाशी घेतलं. चारुताने पर्समधून ते कणीस काढून त्यांच्या हातावर ठेवलं. काकूंनी दाणा दाबून पाहिला.

"कोवळं आहे, पण बी म्हणून चालेल," त्या म्हणाल्या. "पेरू आपण. पुढच्या उन्हाळ्यात याच्याच बिबड्या."

खाली दिवाणखान्यात कासव गोधडीवर चढून घरघरत होतं. काका त्याला उचलायला धावले. काकूंनी पिवळी साडी दोन्ही बहिणींच्या हातांत देऊन नीट घडी घालायला लावली आणि आत जाऊन सुई-दोरा घेऊन आल्या.