तिसरा क्यूब

"सर, दोन झाले. तिसरा टाकीतच आहे. राहू द्या आता उद्यावर."

एकतीस वर्षांपूर्वी ऐकलेला आवाज. आमच्या टेस्टिंग लॅबमधल्या मामांचा. तेव्हा त्यांची नोकरी नवी, माझीही नवी. ते चार वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना मामा म्हणू लागलो आणि पुढे सगळं कॉलेजच त्यांचं भाचं झालं.

सिव्हिल विभागाचा मोठा लेक्चर हॉल तेव्हा नवा बांधला जात होता. छताचं काँक्रीट ओतलं की त्यातल्याच काँक्रीटचे तीन ठोकळे भरून ठेवायचे. आम्ही त्यांना क्यूब म्हणतो. अठ्ठावीस दिवस ते पाण्याच्या टाकीत निजवायचे, मग मशीनखाली दाबून फोडायचे. साडेचारशे किलोन्यूटन सोसले की छत पास. पहिला पाचशे एकतीसला फुटला, दुसरा पाचशे छपन्नला. आणि तिथेच मशीनचा पंप बसला.

विभागप्रमुखांना रिपोर्ट त्याच संध्याकाळी हवा होता. मी तिसऱ्या रकान्यात ५४२ लिहिलं आणि खाली सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी मशीन दुरुस्त झालं. माझी हिंमत मात्र झाली नाही. न जाणो, आकडा कमी आला तर? छत तोडायचं, की सही गिळायची?

तेव्हापासून दरवर्षी टाइमटेबल लागलं की तो हॉल मी मागून घ्यायचो. "सरांना हॉल आंदण मिळालाय," म्हणत सहकारी हसायचे. मुलं माझी नक्कल करायची, मान वर करून: "सर आपल्याला नाही, छताला शिकवतात." हसू देत. माझ्या मनात एकच होतं. ते खाली यायचंच असेल, तर एकशेवीस लेकरांसोबत माझ्याही डोक्यावर यावं. दर सुट्टीत मी शिडी लावून छताला तपासणीची हातोडी टेकवून बघायचो. छत दरवेळी ठणठणीत. ते डोक्याला पटायचं, छातीला पटायचं नाही.

आणि तो क्यूब.

पहिल्या उन्हाळ्यात टाकी उपसली, तेव्हा तो कोपऱ्यात बसलेला दिसला. अंगावर खिळ्याने ओल्यातच कोरलेली छताची तारीख. त्यातल्या पाचाची शेपटी पार खालपर्यंत ओढलेली. मामांचं अक्षर असणार. मामांनी क्यूबकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"राहू द्या, सर," ते म्हणाले.

मलाही तेच हवं होतं. मी तो उचलून फळीवर ठेवला.

पुढच्या वर्षी तो पुन्हा टाकीत होता. मामांनीच ठेवला असेल, जपणारा माणूस. मी वजन केलं: आठ किलो, दोनशे चौदा ग्रॅम. त्याच्या पुढच्या वर्षीही तेवढंच. टाकीच्या भिंतींवर हिरवट शेवाळ चढायचं, याच्या अंगाला बोटभरही नाही.

दर वर्षी नव्या मुलांची एखादी तुकडी धावत यायची. "सर, आम्ही बारा भरले, निघाले तेरा!"

"आधी मोजायला शिका, मग पूल बांधा," मी खेकसायचो. मामा तोंड फिरवून साचे पुसत राहायचे.

एकदा मी तो पाण्यातून काढला आणि हात थबकले. पाणी गार होतं, क्यूब कोमट. ओलं काँक्रीट आवळताना असं तापतं खरं, पण ते पहिल्या दिवशी. हा तर वीस वर्षांचा होता. मी तो हळूच खाली ठेवला आणि हात दोनदा धुतले.

यंदा मी निवृत्त झालो. मुलगी याच विभागात शिकवायला लागली. शनिवारी सकाळी चहा घेताना ती म्हणाली, "बाबा, ओळखा! सोमवारी पहिलं लेक्चर, आणि तुमचा हॉल मला मिळाला."

मी कप खाली ठेवला.

"असं काय बघताय? तुमचं छत तुम्हालाच राहू दे, मला फक्त फळा द्या," ती हसली.

मी आत जाऊन मामांना फोन लावला. त्यांना निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती.

"मामा, तो फोडायचाय."

कुठला, असं त्यांनी विचारलं नाही. "दुपारी येतो," एवढंच म्हणाले.

लॅबच्या खिडक्यांतून ऊन टाकीवर पडलं होतं. मामांनी बाह्या सावरल्या, क्यूब बाहेर काढला आणि तान्हं घ्यावं तसा छातीशी धरला. पूर्वी साचे भरताना गुणगुणायचे, तेच ओठांवर आलं:

नीज नीज रे बाळा, तुझा पाण्यात पाळणा,
अठ्ठाविसाव्या दिशी तुझा दगडाचा कणा.

"मामा, नको आता ते."

त्यांनी क्यूब मशीनमध्ये बसवला. पंप सुरू झाला.

तीनशे. चारशे.

साडेचारशे ओलांडले आणि मी श्वास सोडला.

पाचशे.

मामांनी डोळे मिटले.

कट्!

काळा काटा शून्यावर परतला. लाल काटा मात्र, त्याच्या रीतीप्रमाणे, सगळ्यात मोठ्या आकड्यावर थांबून राहिला.

पाचशे बेचाळीस.

पाण्यात जपलेलं काँक्रीट वर्षांगणिक कणखर होत जातं, हे मी जन्मभर शिकवलं. एकतीस वर्षांच्या क्यूबने सातशेही सोसायला हवे होते. हा मात्र अठ्ठावीस दिवसांचा असल्यासारखा फुटला. पण त्या क्षणी मला त्याचं काही नव्हतं. मी स्टुलावर बसलो आणि पोरासारखा हसत सुटलो. डोळे कधी भरले कळलंच नाही. मी लेकीला फोन लावला. "शिकव गं बाई, खुशाल शिकव."

"बाबा, बोलताय ते छताकडे बघूनच ना?"

नव्हतो बघत. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

मग मी मामांना सगळं सांगितलं. तो आकडा मनचा होता, हेही. ते ऐकत ऐकत तुकडे गोळा करत होते. एका तुकड्याच्या आतल्या बाजूवर त्यांनी बोट फिरवलं. बोट ओलं, राखाडी निघालं. लॅबभर ताज्या सिमेंटचा वास पसरला.

"सर, आता मलाही मोकळं होऊ द्या." त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरत चालला होता. "तो पंप मीच बिघडवला होता."

"तुम्ही? का?"

"छताच्या दिवशी माझ्या हातून घमेलं उलटलं. काँक्रीट दोनच साच्यांना पुरलं. नोकरी नवी, बोलायची छाती झाली नाही. पुढे हा टाकीत दिसला, तेव्हा वाटलं, माझी चूक झाकायला तुम्हीच मागून भरून ठेवलात. म्हणून तोंड उघडलं नाही."

"पण ही तारीख? अक्षर तर तुमचं आहे."

मामांनी कोरलेल्या बाजूचा तुकडा उन्हात धरला. लांब शेपटीचा पाच कितीतरी वेळ पाहिला.

"माझं नाही, सर. तिसरा साचा मी रिकामाच धुऊन ठेवला होता."